वाचनालयातले चार संगणक: प्रकल्प नोंदी, इंदूर

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

वाचनालयाच्या संगणकांवर पुढे कुठली सिस्टिम ठेवायची ते ठरवायचं काम कार्यकारिणीच्या बैठकीत माझ्या गळ्यात पडलं. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबरला संपतेय, त्यानंतर सुरक्षेचे फुकट अपडेट बंद. अध्यक्षकाकांचं म्हणणं, "दिवाळी अंक यायच्या आत काय ते मार्गी लाव." या नोंदी त्यासाठीच. उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती काम गेलं तर त्याला कळायला हवं की काय ठरलं आणि का.

आधी मोजदाद. वाचन कक्षात चार असेंबल्ड मशीन, सगळी एकदमच घेतलेली: इंटेल कोअर आय-३ ६१००, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. कार्यालयात एक लॅपटॉप, आठव्या पिढीचा प्रोसेसर, त्यावर खजिनदारकाकांची टॅली. प्रिंटर दोन, एक जुना लेझर आणि एक नवा.

आता ही मशीन वापरतं कोण? सकाळी पेपर वाचून झालेले पेन्शनर. अकराच्या पुढे सीपीसीटीच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या संगणक आणि टायपिंगच्या परीक्षेच्या, टायपिंगचा सराव करणारी मुलं. मधेमधे समग्र आयडीची (राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाची) ई-केवायसी, बोर्डाची मार्कशीट, आधारची प्रिंट. एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या, दुकानात दर कामाचे पैसे पडतात, इथे फक्त कागदाचे.

चारही मशीनवर एकच लॉगिन, पासवर्ड नाही. पहिल्या मशीनचं डाउनलोड फोल्डर उघडलं. आधारच्या पीडीएफ, पॅन कार्डं, भाडेकरार, एका मुलीचा पासपोर्टच्या अर्जाचा मसुदा, कोणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट. ब्राउझरमध्ये तीन जणांची जीमेल उघडीच. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरं, पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल. फाइलच्या नावातच माणसाचं नाव असलं तर राहिलं काय?

ग्रंथपालताई म्हणाल्या, "मी दर शनिवारी पुसते हो." शनिवारी. म्हणजे सोमवारी आलेल्याचे कागद शनिवारपर्यंत सगळ्यांचे.

२४ सप्टेंबर, बुधवार

प्रायव्हसी म्हटलं की पहिलं नाव मायक्रोसॉफ्टचं निघतं, नाहीतर गूगलचं. मंडळात इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आहे, सगळे त्याला छोट्याच म्हणतात. त्याने काल व्हॉट्सॲपवर लांबलचक यादी पाठवली. सगळा राग रिकॉलवर. स्क्रीनचे फोटो दर काही सेकंदांनी काढून ठेवणारी ती सोय मायक्रोसॉफ्टने मे २०२४मध्ये जाहीर केली, टीका झाल्यावर मागे घेतली आणि एप्रिल २०२५मध्ये परत आणली. राग रास्त आहे. पण रिकॉल फक्त कोपायलट प्लस म्हणवणाऱ्या नव्या मशीनवर चालतं, तेही आपण चालू केलं तरच. आमच्या आय-३वर ते चालायचा प्रश्नच नाही.

आमच्या वाचकाला धोका कोणाचा? तो उठल्यावर त्याच खुर्चीत बसणाऱ्याचा. रेडमंडला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयाला, काय जातं तेही बघणार आहे, पण ते दुसऱ्या नंबरवर. प्रत्येक सिस्टिमला विचारायचा पहिला प्रश्न हा: माणूस उठून गेला की मागे काय उरतं?

हे लिहून ठेवलं, कारण पुढच्या रविवारी वाद होणार आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

झाला. छोट्याने क्यूब्ज ओएस सुचवली. प्रत्येक काम वेगळ्या आभासी मशीनमध्ये, बँकेच्या खिडकीला ईमेलची खिडकी दिसतही नाही. कल्पना पक्की आहे. पण तिला १६ जीबी रॅम हवी म्हणतात आणि आमच्याकडे ४. शिवाय कुठली खिडकी किती भरवशाची हे सांगणाऱ्या लाल, पिवळ्या, हिरव्या चौकटींचे अर्थ पेन्शनरकाकांना कोण समजावणार? बाद.

मग टेल्स. पेनड्राइव्हवरून चालते, मशीन बंद केलं की सगळं विसरते. अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणाऱ्या स्नोडेनने वापरली म्हणून नाव झालं. विसरणं आम्हाला हवंच आहे, पण टेल्समधलं सगळं इंटरनेट टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून जातं, आणि टॉरकडून येणाऱ्याला बँकांच्या आणि सरकारी साइट बऱ्याचदा दारातच अडवतात. समग्रचा ओटीपी आलाच नाही तर लोक आम्हाला विचारणार. टेल्स बाद, पण विसरण्याची सोय दुसरीकडे कुठे मिळते ते शोधायचं.

क्रोमओएस फ्लेक्स, गूगलची. अध्यक्षकाकांच्या नातवाच्या शाळेत क्रोमबुक आहेत म्हणून त्यांना आवडली. हलकी आहे, गेस्ट मोड आहे, जुन्या मशीनवर पळते. पण गूगल ज्या मॉडेलची खात्री देतं त्यांची यादी आहे, आणि सिल्व्हर मॉलमध्ये जुळवलेलं मशीन त्या यादीत कुठून असणार?

विंडोज ११वर जास्त वेळ गेला, कारण खजिनदारकाका तिच्या बाजूने होते आणि त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं: "लोकांना तीच येते." अडचण अशी की टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि मोटामोटी आठव्या पिढीपासूनचा इंटेल लागतो. आमची चारही मशीन सहाव्या पिढीची. आडवाटेने टाकता येते, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. मग सगळा खटाटोप कशासाठी?

विंडोज १०लाच एक वर्ष वाढवून घेता येतं, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्याची फुकट वाट मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून सेटिंग तिकडे पाठवण्यातून जाते. ही सोय आहे घरच्या वापरासाठी, संस्थांना दर मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. खजिनदारकाकांनी चष्मा काढून आकडा परत विचारला. तिथेच विषय संपला.

१ ऑक्टोबर, बुधवार

उरली लिनक्सची घरं, म्हणजे लिनक्स या फुकट सिस्टिमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या. इथे प्रत्येकाचं आपलं एक लाडकं असतं, त्यामुळे मी कारणं लिहूनच ठेवतेय.

बॉस: आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची, डेबियनवर बांधलेली, भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून केलेली. मन तिकडे ओढतं. पण काही अडलं तर रात्री दहा वाजता उत्तर शोधायला जिथे जास्त माणसं वापरतात तीच बरी.

डेबियन १३ ऑगस्टमध्येच आली. कुठला कार्यक्रम किती वापरला ही माहिती पाठवायची का, हे ती बसवतानाच विचारते आणि उत्तर आधीपासून 'नाही'वर ठेवलेलं असतं. सभ्य वागणूक. घरी मी तीच वापरते. पण इथे माझ्यानंतर ताईंना सांभाळायची आहे.

उबुंटू: २०१२मध्ये तिने शोधाच्या खिडकीत ॲमेझॉनच्या जाहिराती आणल्या होत्या, ते आता जुनं झालं. माझी हरकत वेगळीच. उबुंटूच्या आजच्या लॉगिन पडद्यावर पाहुण्याचं लॉगिन नाही. आणि तिच्यातला फायरफॉक्स ब्राउझर स्नॅपच्या, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या बांधलेल्या, डब्यात येतो, आणि वापरणाऱ्याचं घर नेहमीच्या जागेबाहेर असलं की तो डबा रुसतो.

पाहुण्याचं लॉगिन, म्हणजे गेस्ट सेशन, उबुंटूवर बांधलेल्या मिंटमध्ये आहे. आधी बंद असतं, 'लॉगिन विंडो'च्या सेटिंगमध्ये एक खटका दाबला की चालू. धर्मशाळेतल्या खोलीसारखं काम: पाहुणा आला की नवं फोल्डर, गेला की फोल्डरच नाही. आणि मिंटमध्ये फायरफॉक्स स्नॅपविना येतो. मिंट २२.२ गेल्या महिन्यातच निघाली, २०२९पर्यंत अपडेट मिळणार. ४ जीबीच्या मशीनसाठी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती.

परवानगी मिळाली, एका मशीनवर आधी करून दाखवायच्या अटीवर. उद्या दसरा, मशीनची पूजा झाली की उघडायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

मिंट उतरवून घेतली. फाइल खरी असल्याची डिजिटल सही छोट्याला तपासून दाखवली, नुसती बेरीज (चेकसम) नाही. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्या साइटमध्येच चोर शिरले होते आणि १७.३ सिनॅमनच्या जागी मागचं दार असलेली प्रत ठेवून गेले. बेरीज त्याच पानावर लिहिलेली असली तर चोर तीही बदलू शकतो. सहीची किल्ली दुसरीकडून आणायची.

एक नंबरच्या मशीनवर बसवली. चालली. हळू चालली, कारण हार्ड डिस्क फिरतीच आहे.

गेस्ट सेशन चालू करून आत गेले, फाइल केली, बाहेर पडले, परत आत गेले. फाइल नाही. छोट्या म्हणाला, "झालं की ताई." मी म्हटलं, थांब, कुठे गेली ते बघू.

पाहुण्याचं घर डिस्कवर नसतंच, ते रॅममध्ये बांधलं जातं. म्हणून तर ते उठल्यावर उरत नाही. पण याचे दोन काटे निघतात. एक, पाहुण्याने उतरवलेली प्रत्येक फाइल रॅम खाते, आणि ४ जीबीत ब्राउझर आणि मोठी पीडीएफ एकदम आली की मशीन गुदमरणार. दुसरा काटा जास्त टोकदार. रॅम कमी पडली की लिनक्स तिच्यातला मजकूर स्वॅप फाइलमध्ये सरकवतं, आणि स्वॅप फाइल डिस्कवर असते. म्हणजे जे विसरायचं होतं त्याचे तुकडे डिस्कवर पडून राहू शकतात.

उपाय दोन होते. पूर्ण डिस्क कुलूपबंद करायची, म्हणजे रोज सकाळी चार मशीनला चार वेळा मोठा पासवर्ड टाकायचा. ताईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. दुसरा उपाय रॅम ८ जीबी करायची आणि स्वॅप बंद. दुसरा घेतला.

आणखी एक. २०१७मध्ये उबुंटूने गेस्ट सेशन बंद करून टाकलं होतं, कारण पाहुण्याभोवतीचं कुंपण लागतच नव्हतं आणि तो दुसऱ्यांच्या फाइल वाचू शकत होता. म्हणून पाहुणा होऊन माझ्या खात्याचं फोल्डर उघडायचा प्रयत्न केला. परवानगी नाकारली. तरी त्या फोल्डरचे हक्क आणखी आवळले, आणि नियम केला: वाचन कक्षातल्या मशीनवर व्यवस्थापकाच्या खात्यात एकही कागद ठेवायचा नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी सिल्व्हर मॉल. रॅमच्या कांड्या आणि चार एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्क. दुकानदार ओळखीचा.

"मॅडम, लिनक्स डालोगे तो चलाएगा कौन?"
"वाचक चलाएँगे, भैया."
"पुरानी हार्ड डिस्क दे दो, बिल में कम कर दूँगा."

चार डिस्क, त्यावर किती वर्षांचे लोकांचे आधार, करार, फोटो. नेहमीचं झटपट (क्विक) फॉरमॅट मारून दिल्या असत्या तरी आतला मजकूर तसाच राहतो, पुसला जातो तो फक्त पत्ता. नाही म्हटलं. खजिनदारकाका फोनवर दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "बरं, तू म्हणतेस तर." या डिस्क आधी शून्यं लिहून भरायच्या. फिरत्या डिस्कला एक फेरा पुरतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

चारही मशीनवर मिंट बसली. एसएसडीमुळे सुरू व्हायचा वेळ इतका कमी झाला की पेपर वाचणारे काका उठून बघायला आले. खरं सांगायचं तर प्रायव्हसीने कोणाचं मन वळलं नाही, या वेगाने वळलं.

कीबोर्ड. इथे मला काळजी होती. मराठीसाठी 'एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' ही कीबोर्डची मांडणी आधीच आत आहे, वेगळं काही बसवावं लागलं नाही. कसोटी म्हणून ताईंनी दिवाळी अंकांची यादी टाइप केली. ळ शिफ्ट-एनवर, ऱ शिफ्ट-जेवर. 'कोऱ्या' आणि 'दऱ्याखोऱ्या' बरोबर उमटले, र डोक्यावर चढून रफार झाला नाही. मजकुराची भाषा मराठी निवडली की नोटो फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे काढतो, हिंदी ठेवली की हिंदी वळणाचे. इंदुरात निम्मे अर्ज हिंदीत आणि निमंत्रणं मराठीत, तेव्हा दोन्ही लागतातच.

सीपीसीटीच्या मुलांना हिंदी टायपिंग इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल, यातलं एक लागतं. इनस्क्रिप्टवाल्यांचं काम सरळ झालं. रेमिंग्टनवाले दोघे आहेत, त्यांना कार्यालयाच्या लॅपटॉपवर दुपारी तासभर द्यायचं ठरलं. परीक्षेच्या बाबतीत हुबेहूब तोच कीबोर्ड हवा, तिथे 'जवळपास' चालत नाही.

पाहुण्याला दर वेळी कोरं घर मिळतं, म्हणून त्याला लागणाऱ्या सेटिंग आधीच साच्यात ठेवाव्या लागतात. गेस्ट सेशनचं 'skel' नावाचं साच्याचं फोल्डर असतं, त्यात कीबोर्डचा खटका, मोठी अक्षरं आणि प्रिंटरचं चिन्ह ठेवलं. फायरफॉक्सच्या धोरणाच्या फाइलमध्ये पासवर्ड जपणं बंद, टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीला पाठवणं) बंद, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आधीपासून. ज्यांना 'रिमेंबर पासवर्ड'ची सवय होती ते कुरकुरले. कुरकुरू देत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १०ची मुदत आज संपली. वाचन कक्षात तिची आठवणही कोणाला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

प्रिंटर. नवा नेटवर्कवर ड्रायव्हरशिवाय दिसला, झालं. जुना लेझर आपल्याच कंपनीच्या बोलीत बोलतो, त्याच्यामागे एक संध्याकाळ घालवून तो कार्यालयाच्या लॅपटॉपला जोडून टाकला.

पण नव्या प्रिंटरपाशी एक गोष्ट हाती लागली. लिनक्सवर छपाईचं काम कप्स बघतं, आणि प्रत्येक कामाची प्रत ते आपल्या स्पूल फोल्डरमध्ये ठेवतं. छापून झाल्यावरही. मूळ सेटिंग एक दिवसाची आहे, ८६,४०० सेकंद. व्यवस्थापक म्हणून आत शिरले, तर ओळीने फाइल: डीने सुरू होणारी नावं, मग आकडे, मग शून्य-शून्य-एक. त्यातली एक उघडली तर सकाळी कोणीतरी छापलेली मार्कशीट, नाव, रोल नंबर, आईचं नाव, सगळं. पाहुणा कधीच उठून गेलेला, त्याचं घर पुसलेलं, आणि कागद मात्र इथे मुक्कामाला.

पाहुण्याला हे फोल्डर दिसत नाही. पण पाहणारा व्यवस्थापक मीच आहे आणि मलाही बघायचं नाही. कप्सच्या फाइलमध्ये दोन ओळी: काम छापलं की फाइल ठेवू नको, आणि इतिहासही ठेवू नको. पुन्हा छापून बघितलं, फोल्डर रिकामं. याची किंमत अशी की कागद अडकला आणि प्रिंट वाया गेली तर ताईंना "परत छाप" म्हणता येणार नाही, वाचकाने परत द्यायची. मान्य.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कार्यालयाचा लॅपटॉप. टॅली विंडोजवरच चालते, तेव्हा इथे विंडोज ११ प्रो, वाद न घालता. बसवताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा आग्रह होतो, पण प्रोमध्ये 'डोमेन जॉइन' निवडलं की स्थानिक खातं करता येतं. ऐच्छिक निदान माहिती बंद. सक्तीची बंद करता येत नाही, ती सवलत एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांना. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू, त्याची सुटकेची किल्ली कागदावर छापून लोखंडी कपाटात. यावर सभासदांचे फोन आणि पत्ते आहेत, म्हणून हा लॅपटॉप चोरीला गेला तर काय, हा प्रश्न इथे खराच आहे. वाचन कक्षातल्या मशीनवर तो नाही, तिथे चोराला मिळायला काही नाही.

छोट्याला हे मिश्र घर आवडलेलं नाही. त्याला सगळं एका तत्त्वाचं हवं. मला खजिनदारकाकांची बॅलन्सशीट मार्चमध्ये वेळेवर हवी.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीनंतरचा पहिला गजबजलेला दिवस. कोपऱ्यात बसून नुसतं बघितलं.

लोकांना लिनक्स आहे हे कळलंच नाही, त्यांना फायरफॉक्स दिसला आणि ते कामाला लागले. तक्रार एकच, पण जोरात: "माझी फाइल गेली!" एका काकूंनी भाचीच्या लग्नाची यादी तासभर टाइप केली आणि चहाला जाताना लॉगआउट केलं. पाहुण्याच्या घरात शिरताना इशारा येतो, पण तो इंग्रजीत आणि कोण वाचतं? आता पडद्याच्या पार्श्वभूमीवरच मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत लिहिलं आहे: उठलात की सगळं पुसलं जाईल, पेनड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा. काकूंना यादी परत टाइप करून द्यायला छोट्या बसला, ते वेगळं.

उलट अडचणही दिसली. माणसं लॉगआउट न करताच उठतात. मग पाहुणा गेला हे मशीनला कसं कळणार? पडदा दहा मिनिटांत आपोआप बंद होतो, पण सेशन चालूच राहतं. एक छोटी स्क्रिप्ट लावली: पंधरा मिनिटं हात लागला नाही की साठ सेकंदांचा इशारा, मग बाहेर. पेपर वाचता वाचता झोप लागलेल्यांचं सेशन जाणार. त्यांनी खुर्ची बदलावी.

२ नोव्हेंबर, रविवार

कार्यकारिणीला कळवायच्या मर्यादा, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. गेस्ट सेशन खुर्चीतल्या पुढच्या माणसापासून वाचवतं. इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून नाही, ज्या साइटवर लॉगिन केलं तिच्यापासून नाही, खांद्यावरून डोकावणाऱ्यापासून तर नाहीच. आधार छापायचंच असेल तर मास्क केलेलं छापा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. ताई आता काउंटरवरच हे सांगतात.

पेनड्राइव्हमधून येणारे शॉर्टकटवाले विंडोज व्हायरस मिंटला लागत नाहीत, पण पेनड्राइव्हमध्ये तसेच राहतात आणि घरी जातात. यावर अजून काही केलेलं नाही.

बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला) पासवर्ड, बाहेरच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होणं बंद. अपडेट आपोआप, रविवारी मी येऊन बघणार. व्यवस्थापकाचा पासवर्ड पाकिटात, पाकीट बिटलॉकरच्या किल्लीशेजारी.

९ नोव्हेंबर, रविवार

जुन्या चार डिस्कपैकी तिघींवर शून्यं लिहून झाली, एक मधेच कुरकुरली आणि मेली. तिच्यातली तबकडी छोट्याने हातोडीने फोडली, फार आवडीने. उरलेल्या तिघींपैकी दोन धडधाकट आहेत. त्यांवर कुलूपबंद बॅकअप घ्यायचा, दर महिन्याला आलटून पालटून, एक कपाटात आणि एक खजिनदारकाकांच्या घरी. केबल आणि डब्या मागवल्या आहेत, बिल त्यांना दाखवलंय, सही बाकी आहे.